रिपोर्ट नॉर्मल, तरी वडील खंगत का चालले?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा. वडील ८१ वर्षांचे. मधुमेह, रक्तदाब आणि प्रोस्टेट मिळून रोजच्या नऊ गोळ्या. ताज्या तपासण्यांत काळजीचे काही नाही, तरीही वर्षभरात वजन ६४ वरून ५८ किलोवर आले, चाल मंदावली, दोनदा पडले, आणि गेल्या महिन्यात लघवीच्या साध्या संसर्गात ते तीन दिवस बरळत होते. डॉक्टरांनी कागदावर ‘फ्रेल’ असा शेरा लिहिला, घरच्यांनी त्यांची सगळी कामे काढून घेऊन त्यांना पूर्ण विश्रांती दिली, आणि आता जांघेतल्या हर्नियाचे ऑपरेशन करावे की नाही, हा पेच पडला आहे. ‘हे वयच म्हणायचे, की काही आजार आहे?’ असे तुम्ही विचारले आहे.

नुसते वय म्हणावे, तर याच वयाची कितीतरी माणसे ताठ चालताना दिसतात. आणि एखादा आजार म्हणावा, तर तो कुठल्याच एका तपासणीत सापडत नाही. वैद्यकात ज्याला फ्रेल्टी म्हणतात आणि मी ज्याला मराठीत क्षीणता म्हणतो, ती म्हणजे शरीराची राखीव ताकद आटत जाणे. तरुणपणी प्रत्येक अवयवाची क्षमता रोजच्या गरजेहून बरीच जास्त असते. एक मूत्रपिंड दान करूनही माणूस धडधाकट राहतो, तो याच शिलकीच्या जोरावर. वयाबरोबर ती सगळ्यांचीच घटते, पण काहींच्या बाबतीत स्नायू, हृदय, मज्जासंस्था, संप्रेरके आणि प्रतिकारशक्ती अशा अनेक ठिकाणची शिल्लक एकाच वेळी तळाला जाते. अशा माणसाचा नेहमीचा दिवस निभावून जातो. मात्र एखादा ताप, एखादी नवी गोळी किंवा चार दिवसांचे अंथरूण एवढे निमित्त पुरते, आणि दुसऱ्या कुणाचा आठवड्यात ओसरला असता तो धक्का त्याला महिनाभर उठू देत नाही. त्यातून सावरल्यावरही तो पूर्वीच्या ठिकाणी परत येतोच असे नाही; बहुधा थोडा खालीच राहतो, आणि पुढचा धक्का तिथून पुढे सुरू होतो.

रिपोर्ट नॉर्मल येण्याचे कोडे इथेच सुटते. रक्ताच्या तपासण्या स्वस्थ बसलेल्या माणसाच्या असतात. ताण आल्यावर शरीर किती तग धरेल, हे त्या सांगत नाहीत. काही आकडे तर चक्क फसवतात. क्रिएटिनिनचेच घ्या, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात त्या टाकाऊ पदार्थाचे. ते स्नायूंमधून तयार होते, म्हणजे स्नायू झिजले की ते आपोआप कमी भरते आणि मूत्रपिंडे ठीक असल्याचा भास होतो. वडिलांचे क्रिएटिनिन १.१ आले असे धरा; कागदावर त्यापुढे कुठलीही खूण नसेल. पण त्यांचे वय आणि वजन नेहमीच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात घातले, तर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम ४३ मिलिलिटर निघते, आणि तिशीतल्या ७० किलोच्या पुरुषाची त्याच १.१ आकड्यावर ९७ च्या आसपास. दोघांचा रिपोर्ट सारखा, मात्र औषधाचा जो डोस तरुणाला सहज पचेल तो तुमच्या वडिलांच्या शरीरात साचत जाईल.

क्षीणता मोजण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ६५ वर्षांवरील ५,३१७ व्यक्तींच्या पाहणीतून पाच निकष मांडले: प्रयत्न न करता वर्षात साडेचार किलो किंवा पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरणे, सतत गळून गेल्यासारखे वाटणे, हालचाल कमी होणे, चालण्याचा वेग मंदावणे आणि हाताची पकड सैल पडणे. यांपैकी तीन किंवा अधिक असतील तर व्यक्ती क्षीण, एक-दोन असतील तर उंबरठ्यावर. त्या पाहणीत तीन वर्षांच्या आत मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण एकही निकष न लागलेल्यांत सुमारे ३ टक्के, तर क्षीण गटात सुमारे १८ टक्के होते. दुसरी पद्धत कॅनडातील केनेथ रॉकवूड यांच्या गटाची. तिच्यात आजार, लक्षणे आणि रोजच्या कामांतल्या अडचणी अशा सगळ्या उणिवांची मोजदाद करतात. याच गटाची एक ते नऊ पायऱ्यांची सोपी श्रेणीही रुग्णालयांत वापरली जाते. ती लावताना एक पथ्य पाळावे लागते, आणि घाईत तेच नेमके सुटते. माणूस आज खाटेवर कसा दिसतो हे न पाहता, आजारी पडण्यापूर्वी दोन आठवडे तो कसा होता, हे घरच्यांना विचारायचे असते. नाहीतर न्यूमोनियाने ग्रासलेला प्रत्येक ज्येष्ठ क्षीणच ठरेल.

माझी स्वतःची तपासणी मात्र रुग्ण दारातून आत येतो तेव्हाच सुरू होते. दार ते खुर्ची हे चार-पाच पावलांचे अंतर तो कसे कापतो, वाटेत टेबलाच्या कडेला हात लावतो का, बसताना अलगद टेकतो की शेवटच्या वीतभर अंतरात धप्पकन कोसळतो, आणि उठताना दोन्ही हातांनी खुर्चीच्या दांड्या दाबून आधी एक झोका घेतो का, हे पाहिले की मांड्यांच्या स्नायूंबद्दल फारसे विचारावे लागत नाही. मग मी कमरेचा पट्टा पाहतो. जुन्या भोकाभोवती चामडे ताणून पांढुरके झालेले असते, आणि आत दोन-तीन बोटांवर नवे भोक पाडलेले असते, बहुधा घरीच, खिळ्याने. वजनाची नोंद कुणी ठेवली नसेल, तर एवढा पुरावा पुरतो.

दोन चाचण्या तुम्हाला घरीही करता येतील. जमिनीवर चार मीटर अंतर आखा, त्याच्या थोडे आधीपासून त्यांना नेहमीच्या वेगाने चालायला सांगा, आणि त्या चार मीटरना पाच सेकंदांहून जास्त लागतात का ते पाहा. लागत असतील तर वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली आहे. दुसरी चाचणी खुर्चीची: खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीवर घडी घालून, लागोपाठ पाच वेळा उठणे-बसणे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा अधिक लागणे ही स्नायूंची कार्यक्षमता घटल्याची खूण धरतात. हाताच्या आधाराशिवाय उठताच आले नाही, तर घड्याळाची गरजच उरत नाही. दोन्ही वेळी कुणीतरी अगदी शेजारी उभे राहावे.

ओघात सांगतो, क्षीण माणूस हाडकुळाच असतो असे नाही. पोट सुटलेल्या माणसाचे स्नायूही आतून झिजलेले असू शकतात, आणि त्याच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही, कारण तो ‘खात्यापित्या घरचा’ दिसतो.

आता परिणामांकडे येतो. लघवीच्या संसर्गात वडील बरळले, याचा अर्थ त्यांच्या डोक्यात बिघाड झाला असा काढू नका, आणि ते क्षुल्लक म्हणून सोडूनही देऊ नका. त्याला डिलिरियम म्हणतात. शरीरात दाह पसरतो, पाणी कमी होते, झोप मोडते, आणि मेंदूची शिल्लक अपुरी असल्यामुळे भान हरपते. तरुणाला याच संसर्गात ताप येतो आणि लघवीला जळजळ होते; क्षीण माणसात ताप येईलच असे नाही, दुखणे तो सांगेलच असे नाही, आणि आजाराची पहिली खूण म्हणून गोंधळ, पडणे, अन्न नको म्हणणे किंवा कपड्यांत लघवी होणे एवढेच दिसते. बडबड करणारा, नळ्या ओढणारा रुग्ण निदान कुणाच्या तरी लक्षात येतो. याचाच दुसरा, गप्प प्रकार जास्त दगा देतो. माणूस दिवसभर पडून राहतो, विचारलेल्याला उशिरा आणि तुटक उत्तर देतो, आणि आजूबाजूचे म्हणतात, ‘आज शांत आहेत.’ अशा वेळी ‘कालच्यापेक्षा आज वेगळे वाटतात का?’ या प्रश्नाचे उत्तर घरातल्या माणसाइतके नेमके कुणीच देऊ शकत नाही. वाटत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकदा डिलिरियम होऊन गेलेल्या माणसाला तो पुन्हा होण्याचा धोका असतो आणि त्यानंतर स्मृतिभ्रंशाची शक्यताही वाढते, म्हणून तीन-चार महिन्यांनी त्यांची स्मरणशक्ती एकदा रीतसर तपासून घ्या.

पडण्याबाबत एवढेच म्हणतो, की दोनदा पडलेला माणूस तिसऱ्यांदा पडण्याची शक्यता बरीच असते, आणि खुब्याचे हाड मोडल्यावर वर्षभरात २० ते ३० टक्के ज्येष्ठ दगावतात. त्यातले बहुतेक हाडामुळे जात नाहीत. हाड मोडण्याआधीच आटलेली ताकद त्यांना पुढच्या आजारपणातून तारू शकत नाही. म्हणून ‘पाय घसरला’ एवढ्यावर समाधान न मानता, पडण्याच्या आधीच्या क्षणी ते काय करत होते, ते विचारा. रात्री लघवीला उठताना पडले असतील, तर धागा बहुतेक वेळा औषधांपर्यंत जातो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक इथे सांगायला हवी. रक्तदाबासाठी मी एका आजींना अ‍ॅम्लोडिपिन दिले होते. महिन्याभराने त्यांच्या घोट्यांवर सूज आली. ती त्याच गोळीची आहे हे ओळखण्याऐवजी मी सूज उतरवायला लघवी वाढवणारी गोळी दिली. त्या रात्री तीन-तीनदा उठू लागल्या. झोप होत नाही म्हणून पुढच्या खेपेला झोपेची गोळी मागितली आणि मी तीही लिहिली. आणि एका पहाटे, अंगात अर्धी गुंगी असताना, न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी त्या पडल्या आणि मनगट मोडून घेतले. प्रत्येक वेळी मी समोरच्या तक्रारीवर उपचार केला होता आणि मागची चिठ्ठी उघडून पाहिली नव्हती. तीनपैकी दोन गोळ्या मीच निर्माण केलेल्या दुखण्यांवरच्या होत्या.

म्हणून तुमच्या वडिलांच्या नऊ गोळ्या हे माझ्या दृष्टीने पहिले काम आहे. पुढच्या भेटीला यादी नेऊ नका, घरातली सगळी औषधे पिशवीत भरून न्या. यादीत नसलेली सर्दीची, खाजेची, अ‍ॅसिडिटीची पाकिटे पिशवीतच सापडतात. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या उभे राहताच रक्तदाब खाली आणतात. तेव्हा पाच मिनिटे आडवे ठेवून एकदा, आणि उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा, असा रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्याचे एक कारण हाती आले. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या आणि मूत्राशय शांत करणारी काही औषधे भान व तोल दोन्ही बिघडवतात. साखरेचेही तसेच. क्षीण ज्येष्ठांसाठी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ७ च्या खाली दामटण्याचा आग्रह आता धरत नाहीत, ८ च्या आसपास असलेले चालते, कारण साखर एकदम उतरण्याचा धोका आजचा असतो आणि काटेकोर नियंत्रणाचा फायदा अनेक वर्षांनी मिळायचा असतो. वडिलांचा एचबीए१सी साडेसहा असेल आणि ते ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेत असतील, तर त्या ‘उत्तम’ रिपोर्टची मला काळजीच वाटेल. यातली कुठलीही गोळी तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका. काही औषधे अचानक थांबवणे धोक्याचे असते, आणि रक्तदाबाचा उपचार ८१ व्या वर्षीही पक्षाघात टाळतो.

वजनाबद्दल माझा एक हट्ट आहे. सहा किलो म्हणजे त्यांच्या मूळ वजनाच्या नऊ टक्क्यांहून जास्त. हे ‘क्षीणतेमुळे’ म्हणून फाइल मिटू नका. थायरॉइड, कर्करोग, क्षयरोग, नैराश्य, गिळण्याचा त्रास यांची शंका रीतसर फिटलेली हवी. त्याआधी तोंड उघडायला सांगून आत बॅटरी मारा. सैल झालेली कवळी आणि तिच्याखाली हिरडीवर पडलेली जखम हे कमी खाण्याचे कारण मी अनेकदा पाहिले आहे, आणि ते कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाही. मधुमेहाचे मेटफॉर्मिनही काहींची भूक मारते. शिवाय ते एकटे जेवतात की कुणाबरोबर, हेही विचारात घ्या. डॉक्टरांच्या प्रश्नांत ते सहसा नसते.

आता विश्रांती. घरच्यांचा हेतू चांगला आहे, पण हा उपाय उलटा पडतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो स्नायू गेला. तेही निरोगी, जेवणखाण पुरेसे असलेले लोक. तुमच्या वडिलांकडे तेवढा स्नायू गमवायला शिल्लकच नाही. याउलट १९९० मध्ये मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या सरासरी ९० वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तेव्हा तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि व्यायाम थांबल्यावर चारच आठवड्यांत तिच्यातली ३२ टक्के पुन्हा गेली. या प्रयोगातला आशेचा भाग आणि तंबीचा भाग, दोन्ही लक्षात ठेवण्याजोगे आहेत. त्याच गटाच्या १९९४ च्या मोठ्या अभ्यासात नुसते पोषक पेय देऊन, व्यायामाशिवाय, ताकद वाढली नाही.

त्यामुळे रोजच्या फेरफटक्यावर समाधान मानू नका. चालणे चांगले, पण त्याने मांड्यांना पुरेसा भार पडत नाही. फिजिओथेरपिस्टकडून आठवड्यातून दोन-तीन दिवसांचा, भार हळूहळू वाढवत नेणारा व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव लिहून घ्या. हर्नियामुळे श्वास रोखून जोर लावणे टाळायचे आहे, हे त्यांना आधी सांगा. घरी खुर्चीतून उठण्या-बसण्याने सुरुवात होऊ शकते: आधी उंच खुर्ची आणि हातांचा आधार, मग एका हाताचा, मग आधाराशिवाय, मग कमी उंचीची खुर्ची. प्रथिने दिवसाला दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम, आजारपणात १.५ पर्यंत, म्हणजे वडिलांना साधारण ६० ते ७० ग्रॅम; सगळी रात्रीच्या जेवणात न देता तिन्ही वेळांत वाटून. मूत्रपिंडाचा आजार बराच वाढलेला असेल तर हा आकडा लागू नाही, म्हणून वर सांगितलेला क्रिएटिनिनचा हिशेब आधी करून घ्या. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल तर जरूर द्यावे, पण वर्षाची मात्रा एकदम देण्याचा मोह नको. तशी पाच लाख युनिट्सची मात्रा दिलेल्या वृद्ध स्त्रियांमध्ये पडणे आणि हाडे मोडणे वाढलेले २०१० च्या एका चाचणीत दिसले आहे. आणि त्यांची कामे त्यांना परत द्या. स्वतःचे कपडे घड्या घालून ठेवणे किंवा पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेणे यात उठणे, वाकणे, उचलणे सगळे येते, आणि शिवाय घरात आपली गरज आहे हेही त्यांना कळते.

किती सुधारेल? उंबरठ्यावरची माणसे पुष्कळदा मागे येतात. पूर्ण क्षीण झालेला माणूस पुन्हा साठीचा होत नाही, पण आधाराशिवाय उठणे आणि स्वतः शौचालयात जाणे एवढे टिकले किंवा परत मिळाले, तरी घरातले सगळे गणित बदलते. तीन महिन्यांनी तीच चार मीटरची आणि खुर्चीची चाचणी पुन्हा करा; फरक तुम्हालाच दिसेल.

राहिला हर्निया. जांघेतला हर्निया आडवे झाल्यावर आत जात असेल आणि दुखत नसेल, तर काही काळ थांबणे पुरुषांमध्ये बहुधा सुरक्षित असते. तो अडकल्यावर घाईघाईने कराव्या लागणाऱ्या ऑपरेशनचा धोका मात्र क्षीण माणसाला फार जास्त, म्हणून ‘वय झाले, आता कशाला’ असे म्हणून विषय कायमचा मिटवणेही चुकीचे. मी तुमच्या जागी असतो तर सर्जनला चार गोष्टी विचारल्या असत्या. सहा ते आठ आठवडे व्यायाम आणि आहार सुधारून मग करता येईल का? पूर्ण भूल न देता फक्त जागा बधिर करून होईल का (जांघेच्या हर्नियात हे बऱ्याचदा जमते)? त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडाल का? आणि त्यांना गेल्या महिन्यात डिलिरियम झाला होता, हे भूलतज्ज्ञांना कळवले आहे का? शेवटच्या प्रश्नावर अडून बसा. दाखल करावे लागलेच, तर चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी सोबत न्या, रात्री घरातले कुणीतरी जवळ राहा, लघवीची नळी घातली तर ती कधी काढणार ते रोज विचारा, आणि परवानगी मिळताच त्याच दिवशी त्यांना खुर्चीत बसवा. मधल्या काळात हर्निया आत जाईनासा झाला, कडक होऊन दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.